सहा सुरे आणि माझे हात

२९ मार्च

आज मी देवीच्या फळीखालच्या सुऱ्यांना हात लावला. कुणाला सांगायची सोय नाही म्हणून इथे लिहिते. ही वही बियाणांच्या दुकानातून फुकट मिळालेली. कोंड्यात मुळ्याचं लोणचं मुरवते त्या बुधल्यामागे ती ठेवणार आहे. तिकडे ह्या घरातल्या पुरुषाचा हात जन्मात गेलेला नाही.

झालं असं. सकाळी हे सुऱ्यांना धार लावत बसले होते. हे म्हणजे इवाओ, माझे यजमान, आमच्या वस्तीतल्या अस्वल मारणाऱ्या सहाजणांच्या टोळीचे म्होरके. सहाही जणांचे सुरे हिवाळाभर म्होरक्याच्या घरी देवीच्या फळीखाली राहतात. बर्फ मऊ व्हायला लागलं की त्याने ते घासूनपुसून, धार लावून ज्याचे त्याला द्यायचे. मी चहा घेऊन गेले तर चटईवर लाल थेंब.

"अहो, रक्त!"

"कुणाचं?" हे म्हणाले.

तळहात चांगला दोन बोटं लांब चिरलेला आणि माणसाला पत्ताच नाही! तीस वर्षं यंत्राच्या करवतीने जंगलात झाडं कापली, त्याचं हे बक्षीस. थंडी पडली की बोटं मेणासारखी पांढरी पडतात आणि त्यांना काही म्हणजे काही कळत नाही. टोळीत कुणालाच हे ठाऊक नाही. बाहेर जाताना हातमोजे. मला सक्त ताकीद, कुठे तोंड वाजवायचं नाही. ज्याला बंदुकीचा घोडा दाबलेला कळत नाही त्याला डोंगरावर कोण म्होरक्या ठेवील?

मलमपट्टी केली. दुपारी हे गरम पाण्याच्या झऱ्यावर बोटं शेकायला गेले आणि मी सुरे काढून नखावर धार पाहिली. सहापैकी एकही नखावर टिकेना, सरळ घसरत होता. भात वाढायचे डाव बरे.

आता बाईने ह्या सुऱ्यांना शिवायचं नाही. डोंगराची देवी स्वतः बाई, त्यात दिसायला कुरूप, म्हणून दुसऱ्या बाईचा वासही तिला खपत नाही, असं म्हणतात. पण मी समुद्रकाठची. नऊ वर्षांची होते तेव्हापासून धक्क्यावर मासळी चिरली आहे. बोथट सुरा बघून माझ्या हाताला खाज सुटते. एकच घेतला, ह्यांचा. तासाभरात नखावर असा टिकला की उचलताना नखाचा भुसा निघाला.

मनात भीती होती, खोटं कशाला बोलू? पण हाताला फार बरं वाटलं.

१ एप्रिल

ह्यांनी सुरा उचलला, अंगठा फिरवला (अंगठ्याला काय कळणार, कपाळ!), मग कागदाचा तुकडा कापून पाहिला. कागद आवाज न करता दोन झाला.

"बघितलंस? अजून हात गेलेला नाही माझा."

"कुठे गेलाय," मी म्हटलं.

२ एप्रिल

हे झऱ्यावर गेले ते आज दोन तास आले नाहीत. तेवढ्यात दोन सुरे झाले. धारेचे दोन्ही दगड बादलीत भिजत पडले होते, मला तेवढा वेळ वाचला. हे पहिल्यापासून असेच विसराळू, स्वतः वापरायचे नाहीत तरी दगड पाण्यात टाकून जातात.

५ एप्रिल

आज उरलेले तीनही झाले. शेवटचा मासारुचा, त्याच्या पात्यावर मुळाशी दोन रेघा आहेत. मासारु टोळीत सगळ्यांत धाकटा. धाकटा म्हणजे बेचाळिशीचा. आमच्याकडे धाकटे असेच असतात.

ह्या सुऱ्यांची मूठ पोकळ. अंगचंच लोखंड वळवून नळी केलेली, म्हणजे वेळ पडली तर काठी खुपसून भाला होतो. त्या नळीत जुनी चरबी तशीच, काळी, राळेसारखी. तीन वर्षांत कुणी आत बघितलं नसेल. चिंधी गुंडाळलेली काडी कोमट राखेच्या पाण्यात बुडवून आत फिरवत बसले. आधी तीन पाण्यांत काळं निघालं, चौथ्यात तांबडं, सातव्यात स्वच्छ. मग चुलीपासून हातभर लांब उभे वाळवले. जवळ ठेवले तर पोलादाचं पाणी उतरतं. पुसून त्सुबाकीच्या बियांचं तेल लावलं. तेलाची बाटली परवापर्यंत रिकामी होती, आज गळ्यापर्यंत भरलेली मिळाली. खिडकीखाली बसायची उशीही होती. मला वाटलं मीच ठेवली असेल.

सहाही सुरे ओळीने लावले आणि नुसती बघत बसले. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला एवढा आनंद होणं बरं नव्हे.

१२ एप्रिल

उद्या टोळी डोंगरात जाणार. ह्यांनी गार पाण्याने अंघोळ केली. मी नियमाप्रमाणे आठवडाभर वेगळ्या खोलीत. फळीवरचा वाळका मासा कागदातून काढून देवीला दाखवला. ओकोझे म्हणतात त्या माशाला, इतका कुरूप की त्याला बघून देवी खूश होते, आपल्यापेक्षा वाईट कुणीतरी आहे म्हणून. हा मासा दर वर्षी माझ्या भावाकडून येतो. माझ्या माहेरचा मासा देवीसमोर चालतो, माझे हात चालत नाहीत. ठीक आहे बाई. तुझं तू बघ, माझं मी बघते.

१५ एप्रिल

अस्वल मिळालं! तीन वर्षांचं, फार मोठं नाही. सहा सारखे वाटे झाले. म्होरक्याला जेवढा तेवढाच मासारुला, तीच रीत.

संध्याकाळी सगळे आमच्याकडे जमले. शिगेतोभावजी दोन पेले झाल्यावर बोलायला लागले. ते टोळीतले दोन नंबरचे आणि एक नंबरच्या जागेवर कधीपासूनचा डोळा.

"दादा, यंदा धार काय लावलीय! कातडं नुसतं शेंगेच्या सालीसारखं सुटत होतं."

"हात आहे तोवर आहे," हे म्हणाले.

"पण पातं हाताला जरा हलकं लागतंय. पातळ केलंस का काय?"

"तुझा हात जड झालाय शिगेतो, खाणं कमी कर."

सगळे हसले. मी आत मुळ्याचं लोणचं कापत होते, माझ्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. इतकी वर्षं ह्या घरात मी काय नाही केलं? पण तारीफ आज पहिल्यांदा ऐकली, तीही दुसऱ्याच्या नावावर.

१७ एप्रिल

किनुको आली होती, मासारुची बायको. लोणचं मागायला म्हणून आली आणि बुधल्याचं झाकण उघडताच परसात पळाली. मी पाठीवर हात फिरवला तेव्हा कळलं. तिसरा महिना! लग्नाला चौदा वर्षं झाली, एकेचाळिसाव्या वर्षी दिवस गेले पोरीला.

"काकू, मासारुलासुद्धा अजून सांगितलेलं नाही. दोनदा आधी राहून गेलंय. पाच महिने होईपर्यंत कुणाला म्हणजे कुणाला नाही सांगायचं."

"माझ्या तोंडाला कुलूप," मी म्हटलं.

आणि रात्रीच्या जेवणाला ह्यांना सांगून बसले. इतकी चांगली बातमी पोटात राहीना. आमच्या पोरी दूर, नातवंडांचे नुसते फोटो येतात. "कुणाला बोलू नका हं," एवढं मात्र बजावलं. हे "हं" म्हणाले आणि भात संपवला.

२६ एप्रिल

देवा. मासारुला लागलं.

टोळी सकाळी गेली, दुपारी छोटा ट्रक हॉर्न वाजवत खाली गेला, सरळ खालच्या गावातल्या दवाखान्यात. अस्वल आधीच पडलं होतं. मोठा नर होता. खुब्याचा सांधा सोडवताना सुरा सटकला आणि मासारुचा डावा हात अंगठ्याच्या मुळाशी हाडापर्यंत उघडला. हे घरी आले, अंगावर त्याचंच रक्त. 

२८ एप्रिल

शिगेतोभावजींनी मासारुचा सुरा फडक्यात बांधून सकाळी आणून दिला. हे झऱ्यावर गेल्यावर मी तो उघडला. आधी गार पाण्यात धुतला, कारण गरम पाण्याने रक्त धरून बसतं. आणि मग मला दिसलं.

धारेतून दाण्याएवढा तुकडा उडालेला. त्याच्या दोन्ही बाजूंनी कड वळलेली.

 अस्वलाच्या सुऱ्याची धार शिंपल्याच्या पाठीसारखी फुगीर ठेवायची असते, तशी ती मी ह्या सहाही सुऱ्यांत डोळ्यांनी पाहिली होती. मला वाटलं होतं, ह्यांचा हात गेलाय म्हणून ती अशी जाड, गोल झालीय. मी ती सपाट केली. पातळ केली. मासळीच्या सुऱ्यासारखी. मासळीला हाड कुठलं, काटे ते. पहिलं अस्वल लहान होतं म्हणून निभावलं. ह्या नराच्या खुब्यात पातं अडकलं, मासारुने जोर केला, कड तुटली आणि सुरा त्याच्या हातात गेला. मला हाताने वाचावं तसं सगळं वाचता आलं.

देवीबिवी काही नाही. मी. ह्या माझ्या शहाण्या हातांनी केलं हे.

संध्याकाळी टोळीची बैठक आमच्याकडे. एवढं रक्त सांडलं म्हणजे कुणाकडून तरी विटाळ झाला असणार, कोण ते शोधा, असं शिगेतोभावजी म्हणाले. म्हणताना बघत ह्यांच्याकडे होते. मी चहा देत होते. किटली माझ्या हातात होती. आता सांगावं, असं मनात आलं, शपथेवर सांगते.

तेवढ्यात हे म्हणाले, "मासारुच्या बायकोला दिवस गेलेत."

 गरोदर बायकोच्या नवऱ्याने डोंगरात पाय ठेवायचा नाही, हे आमच्याकडे पोराटोरांना माहीत.

"त्याने लपवलं?" एकाने विचारलं.

"लपवलं," हे म्हणाले.

मी चहा ओतला. सहा पेले होते, पाचच माणसं होती. मी सहाही भरले आणि आत गेले.

२९ एप्रिल

काही केलं नाही. कपडे धुतले.

३० एप्रिल

शिगेतोभावजींनी दवाखान्यात जाऊन मासारुला सांगितलं. मासारुने बायकोला त्याच खाटेपाशी विचारलं, खरं का? ती हो म्हणाली. काय करणार? पहिल्यांदा नवऱ्याला आनंदाची बातमी द्यायची ती अशी दिली. तो म्हणाला म्हणे, बाळंतपण होईपर्यंत आईकडे जा, माझ्यासमोर येऊ नकोस.

अंगठ्याची शीर तुटली आहे. वाकणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. मासारु सुतारकाम करतो.

१ मे

किनुको गेली. दुपारची बस. मी परसातून पाहिलं, एका हातात पिशवी, दुसरा पोटावर. थांब्यावर तीन बायका होत्या, एकीनेही तिला पिशवी ठेवायला बाकावर जागा दिली नाही. परसातून थांबा कितीसा लांब? मी गेले नाही.

४ मे

मासारुचं नाव टोळीतून काढलं. नराचा वाटाही त्याला गेला नाही. सहाऐवजी पाच वाटे. ह्यांनी आमचा वाटा आणून ओट्यावर ठेवला. मी तो शिजवला. ह्यांनी दोनदा वाढून घेतलं. मला घास जाईना.

मी का बोलत नाही? स्वतःला रोज विचारते. बोलले तर हे संपले. म्होरकेपण जाईल, बोटांचं उघडं पडेल, बंदूकही जाईल. ह्या माणसाकडे दुसरं आहे काय? पण हे झालं वरवरचं. खरं कारण लिहून टाकते. मला लाज वाटते. गावात मला कुणी हुशार म्हटलं नाही कधी. एकदा मनातल्या मनात मी स्वतःला म्हटलं, आणि त्याने त्या भल्या माणसाचा अंगठा गेला.

७ मे

आज ह्यांना सांगितलं. हे बातम्या बघत होते.

"अहो, मासारुच्या सुऱ्याला धार मी लावली होती. सगळ्यांच्याच मी लावली."

टीव्हीचा आवाज कमी झाला नाही.

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"दगड काय आपणहून बादलीत उड्या मारत होते?"

मला क्षणभर कळेचना. मग एकेक आठवत गेलं. दगड. तेल. खिडकीखालची उशी. झऱ्यावरचे दोन दोन तास. चाळीस वर्षं मी ह्या माणसाला विसराळू म्हणत आले, तो काहीही विसरलेला नव्हता.

"मग किनुकोचं नाव कशाला घेतलंत?"

"कुणाचं तरी घ्यावं लागलंच असतं. शिगेतो माझ्याकडे बघत होता, दिसलं नाही तुला?"

"तिला दिवस गेलेत हे तुम्हाला सतरा तारखेपासून माहीत होतं. देवीचा एवढा धाक होता तर सव्वीसला मासारुला नेलंत कशाला?"

तेव्हा मात्र त्यांनी टीव्ही बंद केला.

"पाच माणसांत मोठं अस्वल घेरता येत नाही," हे म्हणाले. "आणि हे बघ. तू तोंड उघडलंस तर मी म्होरक्या राहणार नाही. मग मी काय करू? तुझी लोणची राखत बसू? तू पण त्यातून सुटणार नाहीस. गप्प राहा. बाळ झालं की ती येईल परत. लोक विसरतात."

बोलताना हात मांडीखाली घेतले होते, बोटं दिसू नयेत म्हणून. माझ्यासमोर! मला त्यांची दया आली. आणि इतका राग आला की त्यांच्या ताटाला हात लावावासा वाटेना. दोन्ही एकदम येतात, हे मला माहीत नव्हतं.

९ मे

कळलं की किनुकोला आईच्या घरीही धड ठेवत नाहीत. भावजय म्हणाली म्हणे, नवऱ्याचा हात खाऊन आलीस. अंगावरून थोडं गेलंही. डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलंय.

११ मे

मी गेले.

शिगेतोभावजींकडे टोळी जमली होती. मासारुच्या जागी कुणाला घ्यायचं त्याची बैठक. मासारुही दारापाशी बसला होता, हात गळ्यात. सुरा मी फडक्यात नेला आणि सगळ्यांसमोर जमिनीवर उघडला.

"बसा वहिनी, चहा घ्या," शिगेतोभावजी म्हणाले.

"चहा नको. हा तुटका भाग बघा. धार फुगीर हवी, ती सपाट आहे. सपाट मी केली. यंदा सहाही सुऱ्यांना धार मी लावली. मला वाटलं, मासळीचा सुरा तसाच हा. चूक माझी. किनुकोचा ह्यात काडीचा संबंध नाही. मासारुने काही लपवलं नव्हतं, त्याला माहीतच नव्हतं."

मी त्यांना कड दाखवत होते. बघा, इथे वळलीय, इथे तुटलीय. एकानेही वाकून पाहिलं नाही. त्यांनी ऐकलं ते एवढंच, की बाईने हात लावला. माझ्या शेजारचा म्हातारा आपली चटई ओढून लांब सरकला.

"दादा," शिगेतोभावजींनी ह्यांना विचारलं, "तुला हे माहीत होतं?"

हे किटलीकडे बघत होते.

"नाही."

"घरात सहा सुरे घासले जातात आणि म्होरक्याला माहीत नाही?"

"मी झऱ्यावर असायचो."

"रोज? कशाला?"

 मग शिगेतोभावजींनी पुढे होऊन ह्यांचा हातमोजा काढला. ह्यांनी काढू दिला. मे महिन्यात चार बोटं पांढरीफटक. मला वाटलं, एवढं नसतं केलं तरी चाललं असतं हो भावजी.

मासारु उठला. माझ्याकडे बघितलं नाही. "शेवटची बस किती वाजता?" एवढं विचारलं आणि गेला.

१३ मे

सुरे न्यायला आले चौघं. माझा विटाळ काढायचा म्हणून आमच्या अंगणातच मिठाच्या पाण्याने सात वेळा धुतले. पोलाद! मिठाच्या पाण्यात! मी दारातून ओरडले, "अहो निदान गोड्या पाण्यातून काढा, पुसा तरी नीट!" शिगेतोभावजींनी मंत्र म्हणता म्हणता हाताने मला आत जायची खूण केली. ओलेच म्यानात घातले. आठ दिवसांत गंजाची तांबूस फुलं येतील. त्यालाही मीच कारण ठरेन.

हे घरातून बाहेर आले नाहीत. चौघं गेल्यावर म्हणाले, "तू मला जिवंतपणी मारलंस."

मी म्हटलं, "तुम्ही 'नाही' म्हणालात."

त्यानंतर बोलणं नाही.

१९ मे

अजून नाही. भात वाढते, हे खातात. झऱ्यावर जाणंही सोडलंय.

२४ मे

मासारु आला. मी पायरीवर भाजी निवडत होते. किनुकोला त्याने घरी आणलंय, बाळ आहे, टिकेल असं डॉक्टर म्हणतात. मी त्याच्यापुढे डोकं टेकवलं. काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं, सगळं विसरले.

"काकू, उठा," तो म्हणाला. "एक सांगू? देवीने मारलं असं वाटत होतं ना, तोवर मी सोसत होतो. देवीपुढे कुणाचं काय चालतं? आता रोज रंधा धरायला जातो आणि तुमचा चेहरा दिसतो."

मी त्याला धारेबद्दल सांगायला लागले. फुगीर कड कशी असते, तो सुरा परत नीट करता येईल...

"राहू द्या," तो म्हणाला.

२ जून

पाण्याच्या पाटावर आज किनुको भेटली. डोंगरातून आणलेली कोवळी भाजी धूत होती. पोट दिसायला लागलंय. दुसरं कुणी नव्हतं. मी थोडी खालच्या अंगाला बसले, माझं पाणी तिच्याकडे जाऊ नये म्हणून.

"बाळ कसं आहे गं?"

"आहे."

"तुला बरं वाटतंय ना?"

तिने जुडी झटकली, दुसरी घेतली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मी तयार होते.

"मी सांगितलं ना गं, सगळ्यांच्या समोर. तुझ्यावरचा आळ..."

"सांगितलंत."

"मग?"

"अकरा दिवसांनी सांगितलंत, काकू." भाजीकडे बघतच बोलत होती. "मी रोज मोजत होते. आईकडच्या खोलीत दुसरं करायला काही नव्हतं. रोज वाटायचं, आज हात्सुएकाकू येतील. धारेचं मला कुठे ठाऊक होतं? पण मला दिवस गेलेत हे मी एकट्या तुम्हालाच सांगितलं होतं. म्हणजे ते बाहेर कुणी नेलं, हे जिला ठाऊक होतं ती एकच बाई."

 तिने भाजी टोपलीत भरली, पाण्याचा थेंबही न सांडता उठली, रीतीप्रमाणे थोडी वाकली आणि गेली.

घरी येऊन मी ही वही काढली आणि दिवस मोजले. अकरा नाहीत. अठ्ठावीस एप्रिल ते अकरा मे, तेरा होतात. ती मोजते तीस तारखेपासून, मासारुने तिला खाटेपाशी विचारलं तेव्हापासून. त्याआधीचे दोन दिवस तिच्यावर आळ आलाय हे तिला कळलेलंच नव्हतं. मला कळलेलं होतं. त्यातल्या एका दिवसापुढे लिहिलंय, कपडे धुतले.